नावाचा कांदा

महाळुंगे पडवळच्या शिवारात कांदा पिकतो, पण त्याची रानातली भावकी इथे शोधू नका. ती राहिली दूर, इराण-तुर्कमेनिस्तानच्या कोरड्या डोंगरांत.

आपल्याकडे डोंगरउतारावर मिळतो तो रानकांदा, कुणी कोळकांदा म्हणतात, नावाचाच कांदा! उन्हाळ्यात आधी नुसता फुलांचा दांडा वर येतो. पाने मागाहून, पावसात. कंद हुबेहूब कांद्यासारखा, पण कापला तरी कांद्याचा वास यायचा नाही. रस अंगाला लागला की खाज सुटते. गुरुजी, मुलांना तो दाखवा जरूर, चाखू मात्र देऊ नका. त्यातल्या द्रव्याने हृदयाचे ठोके बिघडतात. औषधात तो मोजूनमापून वापरतात, ते काम घरचे नव्हे. कुणी खाल्लाच, तर उरलेला कंद बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.