मुलाखतीच्या खोलीत जाण्याआधी

(निफाड येथे मुली आणि त्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



न्यायमूर्ती रानडे १८४२ साली याच निफाडात जन्मले. १८८४ मध्ये पुण्यात मुलींसाठी हुजूरपागा शाळा उभी करणाऱ्यांत ते होते. तेव्हा वाद होता, मुलींनी शिकावं का? आज आपल्या मुली शिकून पुण्याला प्रॉडक्ट अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीला जातात. तिथे त्यांना काय विचारतात, हे आपल्याला माहीत हवं.

आधी काम काय ते सांगते. मोबाइलवरचं अ‍ॅप लोक कसं वापरतात, कुठे अडतात, कुठे सोडून देतात, हे आकड्यांवरून शोधायचं आणि काय बदलावं ते कंपनीला सांगायचं.

मुलाखत एका बैठकीत संपत नाही. बहुधा आधी फोनवर बोलतात. मग एसक्यूएलची परीक्षा असते. ग्राहकांची आणि खरेदीची यादी जोडून, गेल्या महिन्यात कोण परत आलं नाही ते काढा, अशा तऱ्हेची. हे सरावाने जमतं.

पुढे एखादा प्रसंग देतात. "काल ऑर्डरी एकदम घटल्या. का?" इथे पाठांतर चालत नाही. पण लासलगावच्या बाजाराजवळ वाढलेल्या मुलीला हा प्रश्न नवा नाही. कांद्याची आवक घटली की आपण विचारतोच: बाजार बंद होता का? सगळीकडून घटली की एकाच भागातून? पाऊस झाला, की भाव वाढेल म्हणून माल चाळीत ठेवला? तसंच तिथे विचारायचं. आकडा नीट मोजलाय ना? घट नव्या ग्राहकांत आहे की जुन्या? काल काही बदललं का? आणि हा विचार मोठ्याने बोलून करायचा. उत्तराइतकीच त्यांना तुमची वाट पाहायची असते.

शेवटी पगाराचं बोलणं, आणि त्याच्या आडून येणारा प्रश्न: "लग्न कधी? मग नोकरी सोडणार का?" मुलांना हे क्वचितच विचारतात. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, पुण्यात मुलाखत दिली आणि नोकरी मिळवली. १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीत बाई म्हणून डावलणं बेकायदा ठरवलं. तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आहे. त्यामुळे आता छापत नाहीत, तोंडी विचारतात. शांतपणे सांगा, "कामाच्या वेळा आणि जबाबदारी सांगा, जमेल का ते मी सांगते." आणि मुलाखतीत कुणी लैंगिक त्रास दिला, तर नोकरीत नसलेली मुलगीही २०१३ च्या कायद्याखाली तक्रार करू शकते.

गटांनी एक करावं. मुलगी निघण्याआधी तिला समोर बसवून हे सगळे प्रश्न विचारावेत, लग्नाचासुद्धा. पहिल्यांदा अडखळायचं तर ते आपल्यात अडखळू दे.