रात्री नऊच्या बातम्या

(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



राष्ट्रावर संकट कोसळते, तेव्हा सैन्याइतकीच कसोटी लागते ती समाजाच्या मनोधैर्याची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हे मनोधैर्य टिकवण्याचे मोठे काम नभोवाणीने केले. ते कसे केले, हे पाहायचे तर १५ ऑक्टोबर १९४० हा एकच दिवस पुरेसा आहे. लंडनवर रोज रात्री होणाऱ्या बॉम्बहल्ल्यांना त्या दिवशी पाच आठवडे उलटून गेले होते.

युद्ध सुरू होताच, १ सप्टेंबर १९३९ रोजी, बीबीसीने आपली निरनिराळी प्रादेशिक केंद्रे एका ‘होम सर्व्हिस’मध्ये विलीन केली. त्यामागे लष्करी कारण होते. प्रत्येक प्रक्षेपण केंद्राची लहरलांबी वेगळी असेल, तर शत्रूची विमाने तिच्या आधारे दिशा शोधू शकतात. अनेक केंद्रांवरून एकाच लहरलांबीवर एकच कार्यक्रम गेला, की हा आधार नाहीसा होतो. दूरचित्रवाणी त्याच दिवशी बंद झाली. हवामानाचा अंदाज शत्रूच्या वैमानिकांच्या उपयोगी पडेल, म्हणून तो सांगणेही थांबले.

मग लोकांना ऐकवायचे काय? नियोजनकर्त्यांनी दिवसाची आखणी सामान्य माणसाचे जीवन डोळ्यांसमोर ठेवून केली होती. सकाळी सव्वाआठला गृहिणींसाठी ‘किचन फ्रंट’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम लागे. लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस यांवर ८ जानेवारी १९४० पासूनच नियंत्रण आले होते. मिळेल तेवढ्या शिध्यात कुटुंबाचे पोट कसे भरावे, याचा व्यवहारी सल्ला त्यात असे. स्वयंपाकघर हीसुद्धा युद्धाची आघाडी आहे, हे कार्यक्रमाच्या नावातूनच सांगितले जाई. सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला कारखान्यांतील ध्वनिवर्धकांवर अर्धा तास संगीत वाजे. जून १९४० मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात संथ चालीची गाणी टाळली जात, कारण कामाचा वेग टिकवणे हाच त्याचा हेतू होता. शाळकरी मुलांसाठी धडे होते आणि सायंकाळी बालकांचा तासही होता. दोनच दिवसांपूर्वी, १३ ऑक्टोबरला, चौदा वर्षांच्या राजकन्या एलिझाबेथने त्यातून घर सोडून दूर गेलेल्या मुलांना धीराचे चार शब्द सांगितले होते.

या सर्वांचा कळस म्हणजे रात्री नऊच्या बातम्या. वृत्तनिवेदकाने आपले नाव सांगू नये, असा बीबीसीचा पूर्वीचा दंडक होता. शत्रू पॅराशूटने उतरून केंद्र ताब्यात घेईल आणि खोट्या आज्ञा प्रसृत करील, अशी भीती १९४० च्या उन्हाळ्यात निर्माण झाली. तेव्हापासून निवेदक प्रारंभीच नाव सांगू लागले. नाव आणि आवाज यांचा मेळ श्रोत्यांच्या कानांत बसावा, हा त्यामागचा उद्देश. पुढे हीच नावे घरोघरी आप्तांसारखी झाली.

त्या रात्री आठच्या सुमारास पोर्टलंड प्लेसवरील ब्रॉडकास्टिंग हाऊसवर एक बॉम्ब पडला. सातव्या मजल्याच्या खिडकीतून आत शिरून तो पाचव्या मजल्यावरील संगीत ग्रंथालयात स्थिरावला. तो विलंबाने फुटणाऱ्या प्रकारचा होता. नऊ वाजता तळघरातील कक्षात ब्रूस बेलफ्रेज बातम्या वाचू लागले. दोनच मिनिटांत वर स्फोट झाला. इमारत हादरली, छताची धूळ बेलफ्रेज यांच्यावर आणि हातातील कागदांवर पडली. श्रोत्यांना एक दबका आवाज आणि पाठोपाठ ‘सर्व ठीक आहे’ अशी कुजबुज ऐकू आली. क्षणभर थांबून बेलफ्रेज यांनी पुढचे वाक्य वाचले आणि बातमीपत्र पूर्ण केले.

वरच्या मजल्यावर सात कर्मचारी मृत्युमुखी पडले होते. त्यांत स्त्रियाही होत्या. ८ डिसेंबरला याच इमारतीबाहेर मोठा सुरुंग फुटून आग लागली, तरीही प्रक्षेपणाचे कार्य चालूच राहिले.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. या वाणीने सदैव संपूर्ण सत्यच सांगितले, असे नव्हे. बातम्यांवर सरकारी नियंत्रण होते. १५ सप्टेंबर १९४० रोजी शत्रूची १८५ विमाने पाडल्याचे तिने सांगितले. खरा आकडा ६० च्या आसपास असल्याचे युद्धानंतर जर्मन कागदपत्रांवरून स्पष्ट झाले. परंतु पराभव झाला, तर तो लपवायचा नाही, हे धोरण तिने बव्हंशी पाळले. सिंगापूर पडल्याचे १९४२ मध्ये तिने सांगितले, म्हणूनच पुढे विजयाच्या वार्तेवर लोकांनी विश्वास ठेवला.

आता प्रश्न उरतो भारताचा. ११ मे १९४० रोजी बीबीसीने हिंदुस्थानी भाषेत प्रसारण सुरू केले, १९४२ पासून मराठीतही. त्या विभागात कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे काम करीत होत्या. त्यांनी ब्रिटिश गृहिणींना ‘किचन फ्रंट’मधून भारतीय शाकाहारी पदार्थांची ओळख करून दिली. भारतासाठीच्या साप्ताहिक वार्तापत्रांचे लेखन जॉर्ज ऑर्वेल करीत. भारतीय भाषांत त्यांची भाषांतरे होत.

तंत्र तेच होते, संस्था तीच होती आणि माणसेही गुणवान होती. तरीही येथे यश का आले नाही? फेब्रुवारी १९४२ मध्ये बर्लिनहून सुभाषबाबूंचा आवाज भारतात पोहोचला. ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’चा ठराव होताच देशातील नेते तुरुंगात गेले. स्वातंत्र्यासाठी लढत असल्याचे सांगणारा देश दुसऱ्याचे स्वातंत्र्य नाकारत होता. ही विसंगती कोणत्याही निवेदकाच्या आवाजाने झाकली जाणारी नव्हती. सद्यःस्थितीत भारतात ब्रिटिश प्रचार करणे जवळजवळ व्यर्थ आहे, असे कळवून ऑर्वेल यांनी १९४३ मध्ये राजीनामा दिला.

लंडनच्या तळघरातील तो निवेदक धुळीने माखूनही वाचत राहिला, कारण ऐकणारा आपला आहे आणि तो आपली वाट पाहत आहे, याची त्याला खात्री होती. श्रोत्यालाही ती खात्री होती. शब्द पोहोचवण्याची साधने पैशाने उभारता येतात. शब्दावरील विश्वास मात्र बोलणाऱ्याच्या वर्तनातूनच मिळतो. समाजापुढे बोलण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या प्रत्येकाने आपली वाणी या कसोटीवर तपासून घ्यावी.