मावशीचं वेगळं ताट

मागच्या भागात आपण अस्थिर केंद्रक म्हणजे काय ते बघितलं. आज थेट घरातली गोष्ट.

माझ्या मावशीची थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करायची. सतत धडधड, हात थरथरायचे, वजन उतरलेलं. गोळ्यांनी भागेना, म्हणून डॉक्टरांनी आयोडीन-१३१ ची कॅप्सूल दिली.

थायरॉइडला साधं आयोडीन आणि किरणोत्सारी आयोडीन यातला फरक कळत नाही. मिठातलं ओढून घेते, तसंच हेही घेते. मग त्यातून बीटा कण सुटतात. ते जेमतेम दोन-एक मिलिमीटर जातात, म्हणजे मारा मुख्यतः ग्रंथीवरच. हे आयोडीन अणुभट्टीत बनवतात. आपल्या ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' भट्टीत असे समस्थानिक तयार होतात. आपण मात्र भट्टी म्हटलं की बॉम्ब नाहीतर वीज, एवढ्यावरच भांडतो!

पण सोबत गॅमा किरणही निघतात आणि ते शरीराबाहेर येतात. शिवाय थुंकी-लघवीत थोडं आयोडीन असतं. म्हणून डॉक्टरांनी काही दिवस वेगळी खोली, वेगळं ताट आणि लहान मुलांपासून अंतर सांगितलं होतं. तेवढं पाळायलाच हवं.

ते दिवस संपले. दोन महिने झाले. ताट वेगळंच. तीन वर्षांच्या नातवाला तिच्याजवळ जाऊ देईनात. मावशी फोनवर म्हणाली, "अरे, माझा विटाळ धरतात रे."

मी फॅमिली ग्रुपवर हिशोब टाकला. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य साधारण ८ दिवस. ८ दिवसांनी निम्मं, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी अष्टमांश. ८० दिवसांनी १०२४ वा भाग (कोडिंगवाल्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल). त्यात बरंचसं पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे निघून जातं. आणि गॅमा किरण अंगावर पडले म्हणून समोरचा किरणोत्सारी होत नाही. उन्हात बसलो म्हणून आपण रात्री चमकतो का?

काकांचं उत्तर आलं, "गणित ठीक आहे, पण डॉक्टरांना विचार." बरोबरच होतं त्यांचं. फोन केला. बंधन कधीच संपलंय म्हणाले.

त्या रविवारी नातू आजीच्या ताटात जेवला. मावशीची थायरॉइड आता उलट मंदावलीय, रोज सकाळी एक गोळी घ्यावी लागते. या उपचारानंतर बऱ्याच जणांचं तसं होतं.

पुढच्या भागात लासलगावला जाऊ, कांद्यावर गॅमा किरण का सोडतात ते बघायला. भेटूच!