याजकपण कोणाच्या वंशात?



पाळकपदाची दीक्षा न झालेल्या माणसाला तुम्ही या सभेचा अध्यक्ष केलंत. आता त्याचं ऐकून घेणं आलं.

याजक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा झगा येतो. इब्री लोकांस लिहिलेलं पत्र मात्र वेगळाच वाद मांडतं. नियमशास्त्राप्रमाणे याजक व्हायचं तर लेवीच्या वंशात, तेही अहरोनाच्या घराण्यात जन्मावं लागे. येशू यहूदाच्या वंशातला. वंशावळीच्या हिशेबाने वेदीपाशी उभं राहण्याचा त्याला हक्कच नव्हता. पत्रकर्ता त्यालाच महायाजक ठरवतो, आणि दाखला देतो मलकीसदेकाचा, ज्याच्या आईबापांची नोंदही शास्त्रात नाही. पौरोहित्य जन्मावर ठरतं हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या आपल्या लोकांना या युक्तिवादाची धार समजावून सांगावी लागत नाही. युरोपातल्या भाष्यकारांना ती इतकी लागली असेल, असं मला वाटत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कवी नारायण वामन टिळक जन्माने चित्पावन ब्राह्मण. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. तो लोहमार्ग आपल्या गोंदियावरूनच जातो. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे पाळकपदाची दीक्षाही मिळाली. आणि १९१७ मध्ये हेच टिळक मिशनचा पगार सोडून मोकळे झाले, साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्यांच्यामागे अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर दीक्षेचा हात कोणी ठेवला नव्हता. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंच्याही नाही.

म्हणून दीक्षा फुकट, असं मी म्हणत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली. बोलणी १९२९ पासून चालली होती आणि गाडी पुनःपुन्हा अडत होती ती दीक्षेपाशीही: बिशपच्या हातची दीक्षाच खरी की प्रेस्बिटरांचीही? शेवटी सर्वांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. ही पुन्हा दीक्षा आहे की नाही, हे मुद्दाम ठरवलं नाही. ज्याचं जे उणं असेल ते देवाने भरून द्यावं, अशी प्रार्थना केली. मला हा तोडगा फार आवडतो. वकिलाला आवडणार नाही.

लूथरने १५२० मध्ये बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला याजक म्हटलं. १९६४ साली व्हॅटिकन परिषदेनेही सर्व विश्वासीयांचं याजकपण मांडलं. दीक्षित याजकपण मात्र मुळातच वेगळं, हेही बजावलं. हा भेद आज इथे मिटणार नाही.

पण माणसांची गाऱ्हाणी देवापुढे नेणं आणि त्याचा आशीर्वाद माणसांत आणणं, हे काम तर दोन्हीकडे सर्वांचं आहे. आपण काय करतो? घरी कोणी अंथरुणाला खिळलं की ‘पास्टरसाहेबांना बोलवा’. पास्टरसाहेब दुसऱ्या गावी असतात आणि तोवर आजाऱ्याजवळची प्रार्थना खोळंबते. पाळकांनाही हे बरं वाटतं, हे स्पष्ट बोलायला हवं. काही ठिकाणी बापामागे मुलगा पाळक, प्रार्थनाघराचा ट्रस्टही घरातच. मलकीसदेकाचं नाव घेत आपण पुन्हा लेवीचा वंश वाढवतो आहोत.

माझी सूचना साधी आहे. धानकापणी आटोपली की गावोगाव सभासदांचे वर्ग घ्यावेत: आजाऱ्याजवळ प्रार्थना, दुःखाच्या घरी शास्त्रवाचन, भांडणात मध्यस्थी. शिकवायला पाळकांनी यावं, आणि बायबलबाईंनीही. घराघरांतली दुखणी त्यांना अधिक ठाऊक. प्रभुभोजन कोणी द्यावं हा प्रश्न निघेलच. तो ज्या त्या मंडळीने आपल्या नियमाप्रमाणे सोडवावा, त्यापायी वर्ग अडू नयेत. खर्चाचं टिपण मी कोषाध्यक्षांकडे दिलं आहे. जेवणानंतर पहिली चर्चा त्यावर घ्या, आणि आधी सभासदांना बोलू द्या.