जवस, सरस आणि ताईची बांगडी



या सुवर्णमहोत्सवात राणीसाहेबांविषयी बोलण्यास अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. आम्ही बोलणार आहोत ते हॉकीच्या काठीविषयी. झाशीत काठीलाच ‘हॉकी’ म्हणण्याची रीत आहे आणि आम्हा मराठी घरांतही ती केव्हाच मुरली. “हॉकी उन्हात टाकू नका रे,” हे वाक्य आईच्या तोंडून आम्ही जितक्या वेळा ऐकले, तितक्या वेळा शुभंकरोतीही म्हटली नसेल.

ध्यानचंद १९०५ साली अलाहाबादेस जन्मले, पण झाले ते झाशीचे. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके त्यांनी मिळविली. १९३३ साली ‘झाशी हीरोज’ने कलकत्त्यास बेटन चषक जिंकला. १९७९ च्या डिसेंबरात दिल्लीस त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यसंस्कार इथल्या हीरोज मैदानावरच झाले. अशा गावात हॉकीवाचून पोर कसे वाढणार? मात्र आम्ही भाऊ तिघे आणि हॉकी एक. ती मोडली की तिघांचाही हंगाम संपला.

म्हणून तिची निगा हे घरकामच होते. खालचे वळण तुतीच्या लाकडाचे, मूठ वेताची. वेताच्या पट्ट्यांमध्ये झटका सोसण्यासाठी रबर घातलेले आणि दोहोंचा सांधा पाचरीसारखा, सरसाने जोडलेला. आमच्या वैशाखात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, लाकूड आकसते. आषाढात तेच फुगते. त्यावर उपाय जवसाच्या तेलाचा, आणि जवस तर बुंदेलखंडात घरचेच. फडक्याने पातळ हात द्यायचा, मुरू द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. बर्फाच्या मुलुखात लोक घसरपट्ट्यांना घरीच मेण लावतात म्हणे, जात तीच.

पण तेलाने सांधा भिजता कामा नये. हे आम्हांस ठाऊक नव्हते. एका सामन्याच्या आठवडाभर आधी आम्ही दादाच्या नकळत अख्खी हॉकी मुठीपर्यंत तेलाने न्हाऊ घातली, वर सेवेचे समाधानही मानले. तिसऱ्या दिवशी दादाने चेंडू हाणला आणि सांधा कुरकुरला. दादा एक शब्द बोलला नाही. मार खाणे त्याहून सोपे गेले असते.

काकांनी सुतळी सोडली, तेलकट भाग खरवडला, राखेने तेल शोषून घेतले. सरस पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून पातळ केला, कारण थेट विस्तवावर उकळला की त्याचा चिकटपणा जातो. सांध्यात सरस भरला, सुतळीचे वेढे घालून त्यांत लाकडी खुंटी पिळली आणि दोन दिवस हात लावू दिला नाही. मग नवी सुतळी, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी.

इथे नवीच अडचण निघाली. नियमाप्रमाणे हॉकी, वरच्या बांधणीसकट, दोन इंच आतल्या व्यासाच्या कड्यातून पार गेली पाहिजे. कडे कुठले? ताईची लहानपणची दोन इंची काचेची बांगडी काढली. मुठीवरून सरकली आणि सांध्यापाशी अडली! काकांनी वेढे उलगडून बारीक दोऱ्याने पुन्हा बांधले. रात्री दहा वाजता बांगडी खालपर्यंत गेली, तेव्हा ताईने, बांगडी फुटली नाही म्हणून, सुटकेचा निःश्वास टाकला. सामन्यात दादा खेळला. हरलो, पण हॉकी टिकली.

१९७६ च्या मॉन्ट्रिऑल ऑलिंपिकपासून कृत्रिम हिरवळ आली, पुढे कृत्रिम धाग्यांच्या काठ्या आल्या. नातवाची काठी तेल मागत नाही; तडकली तर घरी जुळतही नाही. आमची जुनी हॉकी खंडेनवमीला पाटावर येते. यंदा सांध्याशी केसाएवढी फट दिसली. दादा आता नाही. सरस बाजारात शोधावा लागला. नातू वाटी धरून बसला होता, त्याने विचारले, “आजोबा, तेल इथपर्यंतच ना?” आम्ही बोट ठेवून जागा दाखविली.