दोन भाषांची सून

आपल्या जत तालुक्यात घरात कन्नड आणि शाळेत मराठी, हे काही नवं नाही. १९५६ साली भाषेवरून राज्यं आखली, तरी सोयरिकी थांबल्या नाहीत. पण अथणीकडून आलेल्या सुनेला घरचे म्हणतात, "बाळाशी मराठीतच बोल." मग ती बाळाशीही गप्पच राहते. समुपदेशक ताई तिला "तू इकडची की तिकडची?" असं विचारत नाहीत. विचारतात, "बाळाला झोपवताना तोंडात काय येतं?" सासूबाईंनाही जवळ बसवतात. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. आधी शब्द मिसळतं, मग कोणाशी काय बोलायचं ते त्याला कळतं. आईला अव्वा म्हणालं, म्हणून तुम्हाला आजी म्हणायचं थोडंच विसरणार आहे? तुमच्या गटात अशी कुणी गप्प बसत असेल, तर पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे तिला मोजायला द्या. ओंदु, एरडु म्हणत मोजू दे.