खुर्ची कोणाला मिळाली नाही?



दीक्षान्त भाषणाला सगळ्यात जोरात टाळ्या पडतात त्या ते संपल्यावर, हे मला माहीत आहे. म्हणून जगभरचं काही सांगत नाही. आज पदवीधर झालेल्या तुमच्यातल्या ज्यांनी ‘संघर्ष व्यवस्थापन’ हा विषय मायनर म्हणून घेतला, त्यांच्याशी मुख्यतः बोलतो. बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही. भांडणं काही मेजर-मायनर बघून येत नाहीत.

या विषयाची कीर्ती माझ्या कानावर आहे. पेपर सोपा, प्रोजेक्टला मार्क बरे, हजेरीचा जाच नाही. शिवाय घरी सांगावं, तर आजी म्हणणार, “त्यात काय शिकायचं? एकानं पडतं घ्यावं की झालं.” पडतं नेहमी कोणी घ्यायचं, हे आजीला पक्कं ठाऊक असतं, कारण जन्मभर तिनंच ते घेतलेलं असतं. अडचण तिथेच आहे. गोड बोलून दोघांना चहा पाजणं म्हणजे हा विषय, अशी समजूत असेल तर ती आज इथेच सोडून जा. मी उमेदीची वर्षं कामगार कायद्याची वकिली केली आणि आता न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात बसतो. तिथे गोडव्यापेक्षा हिशेब जास्त लागतो.

त्यासाठी अहमदाबादचं उदाहरण देतो. १९१७ साली तिथे प्लेग पसरला. कामगार गावी पळून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी घसघशीत प्लेग बोनस सुरू केला. काहींना तो पगाराच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत मिळत होता. साथ ओसरली आणि १९१८च्या सुरुवातीला मालकांनी बोनस बंद करायचं ठरवलं. इकडे युद्धामुळे धान्य महागलेलं. कामगार ५० टक्के वाढ मागू लागले, मालक २० टक्क्यांवर अडून बसले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूला उभी त्यांची सख्खी बहीण, अनसूयाबेन. भांडण घराच्या उंबऱ्याच्या आत येणं म्हणजे काय, ते त्या घराला विचारावं.

कामगारांच्या बाजूने उतरलेल्या गांधीजींनी काय केलं? भाषण नंतर केलं, आधी आकडेमोड केली. मुंबईत काय पगार मिळतो, अहमदाबादेत काय मिळतो, गिरण्यांची स्थिती कशी आहे, कामगाराचं घर किती पैशांत चालतं. उत्तर आलं ३५ टक्के. मग आपल्याच बाजूच्या कामगारांना त्यांनी ५० वरून ३५ वर यायला लावलं. हे वर्गात कितीही वेळा सांगितलं तरी विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतं ते उपोषणच. पण मला विचाराल तर त्या लढ्याची किल्ली या आकड्यात होती. आपल्या माणसांना त्यांची मागणी फुगलेली आहे असं तोंडावर सांगणारा पुढारी आज शोधून दाखवा.

२२ फेब्रुवारीला टाळेबंदी सुरू झाली. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा, रोज एक पत्रक. दिवस लांबले तसे पोटं खपाटीला गेली, माणसं डळमळू लागली. १५ मार्चला गांधीजी उपोषणाला बसले आणि १८ला समेट झाला. त्या समेटाची कलमं बघा. पहिल्या दिवशी ३५ टक्के वाढ, म्हणजे ३५ मिळाल्याशिवाय कामावर न जाण्याची कामगारांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून मधला आकडा, साडेसत्तावीस टक्के, लवादाचा निवाडा येईपर्यंत. लवाद नेमले प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव. त्यांनी पुढे ऑगस्टमध्ये निवाडा दिला तो ३५ टक्क्यांचाच.

व्यवहाराच्या दृष्टीने पहिले दोन दिवस निव्वळ हास्यास्पद आहेत. एका दिवसाच्या वाढीनं कोणाचं घर चालतं? पण दोन्हीकडच्या लोकांना आपापल्या माणसांसमोर मान वर करून परत जाता आलं पाहिजे, ही गरज पैशाइतकीच खरी असते. मध्यस्थाच्या टेबलावर मी हे रोज पाहतो. रकमेवर एकमत होऊन अर्धा तास उलटलेला असतो आणि सही अडलेली असते ती “चूक कोणाची हे लिहायचं की नाही” यावर. आणखी एक. आपल्या उपोषणामुळे मालकांवर दबाव आला, त्या मानानं ते उपोषण निर्दोष नव्हतं, हे गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच नोंदवलं आहे. जिंकल्यावर अशी नोंद करायला वेगळी छाती लागते.

आता ६४ वर्षं पुढे या. मुंबई, १८ जानेवारी १९८२. कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार, बदली कामगारांना कायम करणं, या मागण्या होत्याच. पण अडसर होता १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा. या कायद्यानुसार त्या उद्योगात वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार सामंतांच्या मागे, कायदा संघाच्या मागे. म्हणजे ज्यांच्याशी बोलल्याशिवाय संप मिटणार नव्हता त्यांच्याशी बोलता येत नव्हतं, आणि ज्यांच्याशी बोलता येत होतं त्यांचं कामगार ऐकत नव्हते. हटवादीपणा दोन्हीकडे होता, सरकारनेही ताणून धरलं, यंत्रमागाची स्पर्धा आणि जुनाट यंत्रं ही दुखणीही होतीच. सगळं खापर एका कलमावर फोडणार नाही. तरी माझं मत असं की चर्चेच्या खोलीत खरी माणसं बसलीच नाहीत, आणि हा त्या संपाचा मोठा घात होता. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आज गिरणगावात तुम्ही मॉलमध्ये सिनेमा बघता, तेव्हा हे आठवावं असं काही मी म्हणणार नाही. पण तुमच्या अभ्यासक्रमात हार्वर्डच्या वाटाघाटी असतील आणि परळ-लालबाग नसेल, तर विभागप्रमुखांना जाऊन विचारा.

लहान भांडणातही मागणी एक आणि गरज दुसरीच असते. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२०च्या दशकात मांडलं की तडजोडीत दोघेही थोडं थोडं गमावतात. खरी गरज काय आहे ते खणून काढलं तर कधी कधी कोणालाच काही सोडावं लागत नाही. पुस्तकात हे वाचताना फार सोपं वाटतं. आमच्याकडे दोन भाऊ आले होते. सामाईक विहीर, पाण्याच्या पाळीवरून दावा. दोघांनाही आठवड्याचे चार-चार दिवस हवे. आठवड्याला दिवस सात. वेगवेगळं बसवून बोलल्यावर कळलं की थोरल्याला भीती होती रात्रीच्या विजेची. रात्री लाइट आली की मोटार चालू करायला जायचं, शिवारात बिबट्या, पायाखाली काय येईल सांगता येत नाही, आणि गुडघे गेलेले. धाकटा दिवसा तालुक्याला नोकरीला. त्याला दिवसाच्या पाळीचा उपयोग नव्हता, पण थोरला मागतोय म्हणून तोही मागत होता. दिवसाची लाइट असेल तेव्हा थोरला, रात्रीची असेल तेव्हा धाकटा, असं लिहून सह्या झाल्या. भाऊ मात्र अजून एकमेकांशी बोलत नाहीत. पीक वाळत नाही, एवढंच. मला तेवढं पुरेसं वाटतं.

या मिटवामिटवीची दुसरी बाजू सांगितली नाही, तर तुमची फसवणूक होईल. झटपट निकाल लावण्यात जातपंचायतीचा हात कोणाला धरता आला नसता. तिथे मध्यस्थही असत, समेटही होत, आणि न मानणाऱ्याला वाळीत टाकलं जाई. ते थांबवण्यासाठी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा करावा लागला. २००७ साली राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तिच्यामुळे बांधाचे, वाटेचे, सामाईक भिंतीचे कितीतरी वाद गावातच मिटले, ही चांगली गोष्ट. पण गावाला बक्षीस मिळणार म्हटलं की मार खाणाऱ्या बाईनं तक्रार मागे घ्यावी असं सांगणारेही निघतात. काही भांडणं मिटवायची नसतात, पोलीस ठाण्यात नोंदवायची असतात. २०२३च्या मध्यस्थी कायद्यानेही फौजदारी खटल्यांसारखे विषय साधारणपणे बाजूला ठेवले आहेत. एका बाजूला धमकी असेल आणि दुसऱ्या बाजूला भीती, तर तुम्ही मध्यस्थ म्हणून बसूच नका. उठा आणि त्या माणसाला वकील गाठून द्या.

नोकरीचं विचाराल तर एचआर, विमा, बँकेची वसुली, भूसंपादन, कुठेही हा विषय कामाला येतो. पदनाम ‘मध्यस्थ’ असेलच असं नाही.

आता एकच विनंती. तुमच्या हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा असेल, गावची दूध संस्था असेल, पाणीवापर संस्था असेल, तिथे इतिवृत्त लिहायचं काम कोणालाच नको असतं. ते मागून घ्या. कोण काय बोललं ते लिहाच. शिवाय सभेला कोणाला बोलावलं नव्हतं आणि कोण आलं पण बोललं नाही, त्यांची नावं वेगळी काढा. पुढच्या सभेच्या आधी त्यांच्या घरी जा आणि विचारा.